शालूबाईचं पोट

आशाबाईकडच्या हळदीकुंकवात कुण्या परगावच्या पाहुणीनं शालूबाईची ओटी गरोदर बाईची भरतात तशी पाच फळांनी भरली आणि कौतुकानं विचारलं, "कितवा चालू हाये वं?" साऱ्या बायका पदराआड हसल्या. शालूबाईला कुठलाच चालू नव्हता. दोन वर्षांपूर्वी जुळी पोरं पोटातच गेली, कापून काढावी लागली, पण ताणलेलं पोट काही मागं हटलं नाही. कातडीची घडी लुगड्याच्या निऱ्यांवर ओघळायची. घरी येऊन तिनं नवऱ्याला ठणकावलं, "मले हे पोट नको. बुलढाण्याले मुंबईचा डाक्टर येऊन राह्यला, तो कापून देते म्हनतात. नेता, का एकटी जाऊ?"

कडूबाचं धाबं दणाणलं. जुळी काढली त्या दिवशी शालूबाई बेशुद्ध होती. पिशवी फाटली आहे, पुन्हा दिवस राहिले तर बाई वाचणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि त्यानं तिची नस बांधायला अंगठा दिला होता. पुढं हे तिला सांगायला त्याची जीभ रेटली नाही. त्याच्या आईला, झुंबरबाईला, कळलं असतं तर तिनं आठवड्याच्या आत दुसरी सून आणली असती. दुसऱ्या सुनेची भाषा तिच्या तोंडी होतीच, तिची भाची तयारच होती. म्हणून गडी गप्प बसला. चांगल्या माणसाच्या खोटेपणाचं हेच वाईट, त्याला धड शिव्याही घालता येत नाहीत.

त्यांच्या धामणगावात तोवर प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरची बातमी 'प्लास्टिकचं पोट बसवतात' इथपर्यंत पोचली होती. एसटीत कडूबा भर उन्हाळ्यात थंडी वाजल्यासारखा आकसून बसला होता. डॉक्टर शालूबाईला तपासणार, जुना टाका पाहणार आणि विचारणार, याची त्याला खात्रीच होती.

डॉक्टर मात्र मोकळ्या स्वभावाचे निघाले. तपासून झाल्यावर म्हणाले, "पट्टा बांधलात तर आधार मिळेल, पण कातडी आत जाणार नाही. व्यायामानं थोडाफार फरक पडेल. खरा उपाय ऑपरेशनच. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जास्तीची कातडी कापायची, आतले स्नायू आवळून शिवायचे, बेंबी नव्या जागी बसवायची. मुंबईला आमच्या धर्मादाय दवाखान्यात या, फुकट करू."

"बेंबीबी नवी?" शालूबाईला हसू फुटलं. "करा जी!"

"पण अजून मुलं हवी आहेत ना?"

"हाव जी. एक तरी."

"मग आत्ता नको. दिवस राहिले की पोट पुन्हा ताणणार, केलं-सवरलं पाण्यात जाणार. मूल झाल्यावर या. मूल होणारच नसेल तर गोष्ट वेगळी, मग लगेच करता येईल." आणि ते कडूबाकडे वळले. "जुळी काढली तेव्हा नस वगैरे बांधली होती का?"

 एका शब्दात ते पोट जाणार होतं. त्याच शब्दात तिचं 'एक तरी'ही जाणार होतं. शालूबाई त्याच्याकडे निवांत बघत होती, तिला उत्तर ठाऊकच होतं.

"नाही जी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर आल्यावर ती रडेल, असं त्याला वाटलं. तिची समजूत कशी घालायची, तेही त्यानं मनाशी जुळवलं होतं. पण बाई तर खुलली होती. स्टँडकडे जाताना तिची पावलं त्याच्या पुढं पडत होती.

"बरं झालं आलो," ती म्हणाली. "मले वाटे, मी आता बाद झाली. एवढा मुंबईचा डाक्टर, त्यानं हात लावून पाह्यलं अन् म्हने, मूल झाल्यावर या. म्हंजे होईन ना! होनार नसतं तर लगेच कापतो म्हने."

कडूबा चालता चालता थांबला. डॉक्टरांच्या बोलण्याचा असाही अर्थ निघेल, हे त्याच्या सात जन्मांत डोक्यात आलं नसतं. त्याचे डोळे भरून आले.

"तुमालेबी लय वाटलं ना?" ती म्हणाली. "राहू द्या आता हे पोट. हसू द्या बायकायले. अन् आत्याबाईले आजच सांगू, दुसऱ्या सुनेची भाषा बंद."

कडूबानं मान डोलावली. दुसरं काही करणं त्याच्या हातात उरलं नव्हतं.