जास्तीचा स्क्रू

राजरत्नने मदरबोर्ड कॅबिनेटमधून सोडवला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. वायरी पुन्हा जोडल्या, स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू करायच्या दोन पिनांना टेकवलं. पंखा फिरला. मागच्या रविवारी नुसता हिसका देऊन थांबला होता. आज फिरतच राहिला.

म्हणजे बोर्ड जळलेला नव्हता.

त्याने रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याखाली पितळी स्क्रू बसवतात. त्यातला एक भलत्याच जागी होता. बोर्डाला तिथे भोकच नव्हतं. तो बोर्डाच्या पाठीला टेकत होता आणि सगळं शॉर्ट होत होतं. ते स्क्रू त्यानेच बसवले होते.

वैशालीने फक्त रॅम लावली होती. हौसेने, व्हिडिओ बघून. कॉम्प्युटर तिच्यासाठीच होता; घरून नकाशे काढायचं काम मिळालं होतं तिला. पंखा थांबला तसा तो बायकोवर ओरडला होता, "नायलॉनचा ड्रेस घालून हात लावलास ना? स्टॅटिकने उडवलास बोर्ड!" मग कल्याणला राहणाऱ्या आईलाही फोनवर तेच सांगितलं. तेव्हापासून वैशाली त्या टेबलाकडे फिरकली नव्हती. केर काढतानासुद्धा तेवढी जागा सोडून द्यायची.

त्याने स्क्रू काढून तळहातावर घेतला. खिशात टाकला असता तर कुणालाच कळलं नसतं.

"वैशू, जरा ये ना."

ओले हात ओढणीला पुसत ती दारातच थांबली.

"तुझं काही चुकलं नव्हतं. हा मीच चुकीच्या जागी लावलेला."

तिने स्क्रू हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला.

"आईंना सांगशील? बाळकुमला राहतात त्या तुझ्या मावशीसुद्धा परवा विचारत होत्या, कॉम्प्युटर जाळलास म्हणे."

त्याने तिच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"आई, कॉम्प्युटर चालू झाला. चूक माझीच होती. वैशालीने काही केलं नव्हतं."

पलीकडे आई हसली.

"बायकोला सांभाळून घेतोस, बरं वाटलं रे. तुझ्या बापाला नाही जमलं हे कधी."

"अगं आई, खरंच मीच—"

"कळतं रे मला. गुणाचा आहेस. ठेवते, कुकर लावलाय."

फोन बंद झाला. राजरत्नने मान वर केली नाही. तो पुन्हा नंबर लावू लागला.

"राहू दे," वैशाली म्हणाली. "अजून सांगितलंस तर अजून गुणाचा ठरशील."