अळिवाचे लाडू

कासुर्डी फाट्यावर माझा एसटीडी बूथ. दर रविवारी सकाळी दहाला सरूबाई सून मोनालीला घेऊन येई आणि बाकावर बसे. मोनालीचा नवरा सत्यजीत टोरांटोहून फोन करायचा. रांजणगावच्या कंपनीनं त्याला तिकडं धाडून तीन वर्षं झाली होती. मोनालीचा व्हिसा मात्र कायम 'पुढच्या महिन्यात'. तोवर ती दौंडला इंग्रजीच्या क्लासला जात होती. बॅग भरलेलीच होती.

सरूबाईला ऐकू कमी, म्हणून मी स्पीकर लावायचो. त्यामुळं त्या घरचं सगळं मला पाठ. पोरगं तिकडं खायला काय सापडलं तेच सांगायचं. पहिल्या वर्षी बाजरीचं पीठ, दुसऱ्या वर्षी हुलगे, गेल्या दिवाळीत तर चक्क कुरडया.

"आई, साध्या सुपरमार्केटात! चिनी शेवयांच्या शेजारी!"

"मावशी, आता तुमची पार्सलं बंद," मी चिडवायचो. "अख्खं कासुर्डी तिकडं फळीवर मांडलंय."

"हौसराव, तुमची जीभ ठेवा की त्या फळीवर," म्हणत सरूबाई हसायची. मोनाली हसत नसे. तिकडं एकेक जिन्नस सापडत होता, आणि त्याच्या तोंडून व्हिसाचं नाव आपणहून निघेनासं झालं होतं. हे मी टिपलं होतं, तसं तिनंही.

त्या रविवारी सत्यजीत भलताच खुशीत. "आई, डिंक मिळाला! अळीव बी, खारीक बी. लाडवाला डिंक तळायचा का भाजायचा?"

"तळायचा. तुपात..." सरूबाई मधेच थांबली. "कुणाला रं लाडू?"

"मलाच. कंबर दुखती."

डिंक थंडीत कुणीही खातं. पण कंबरेसाठी स्वतः अळीव शोधत हिंडणारा गडी मी पाहिला नव्हता. आमच्याकडं अळीव घरात येतात ते बाळंतिणीसाठी. मोनालीनं मांडीवरची व्हिसाची फाइल हळूच मिटली.

सरूबाई खाकरली. मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "बरं बाबा. थोडी मेथी बी घाल. आन् तिला म्हणावं, सव्वा महिना गार पाण्यात हात घालायचा न्हाई."

"व्हय आई, सांगतो," पोरगं बोलून गेलं.

 मी स्पीकरच्या लाल दिव्याकडं पाहिलं; लाइन चालूच होती.

मोनाली उठून फोनपाशी आली. दर रविवारी ती एकच विचारायची, व्हिसाचं काय झालं. आजही तिचा आवाज तेवढाच हळू होता.

"अहो, मुलगा का मुलगी?"