रेकॉर्डिंगमधली खरखर

माझा दादा लोकांचे समारंभ व्हिडिओत उतरवतो आणि उरलेल्या वेळात नवशिक्यांना शिकवतो. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याने कसं वागायचं हे ठरवणारं आतलं सॉफ्टवेअर, एवढं त्याच्यामुळे मलाही पाठ झालंय. नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारायची नाही. आधी इतरांना टाकू द्यायची, त्यांचे कॅमेरे धड राहतात का ते बघायचं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आणि कामाच्या दिवशी तर त्या भानगडीत पडायचंच नाही. ऐकून ऐकून घरातल्या सगळ्यांचे कान किटलेत.

त्याच शहाण्याने आईच्या ऑपरेशनच्या दिवशी, तिच्या पलंगाशेजारी बसून, अपडेट सुरू केलं.

दुपारी आईची स्वरपेटी काढणार होते. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. माझ्या पोटातल्या बाळाला आजीचा आवाज मिळावा म्हणून तिला त्याच्याशी बोलताना रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. सगळ्या जगाचे व्हिडिओ काढणाऱ्या दादाकडे आईचा एकही नव्हता. कॅमेरा दिसला की ती काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत पसार व्हायची. आज कुठे कबूल झाली होती. फोन वॉर्डाच्या दाराशीच जमा करावे लागत. कॅमेऱ्याच्या परवानगीसाठी दादाने डॉक्टरांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते.

आईला माइक लावून त्याने चाचणी घेतली. ती हेडफोनवर ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला.

"खरखर येतेय."

"येऊ दे रे. चालेल," मी म्हटलं.

"चालेल काय? हे एकदाच होणार आहे! नव्या आवृत्तीत या माइकची खरखर घालवलीय त्यांनी. फाइल आणलीय मी दुसऱ्या कार्डावर. ऑपरेशन दुपारी आहे, तोवर आरामात होईल."

"कामाच्या दिवशी हात लावायचा नाही, असं तूच सांगतोस ना?"

"हे काम नाहीये," तो म्हणाला. "आई आहे."

त्याने कार्ड बदललं, बटण दाबलं. पडद्यावर एक पांढरी पट्टी उजवीकडे सरकायला लागली. निम्म्यावर आली आणि थांबली.

दादा पट्टीकडे बघत होता, मी दादाकडे. आई उशीला टेकून गप्प बसली होती. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं आणि उरलेला आवाज तिने बाळासाठी राखून ठेवला होता. मधेच ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. मला मात्र दादाच्या डोक्यात तो कॅमेरा घालावासा वाटत होता.

तेवढ्यात दार उघडलं.

"चला आजी," नर्स म्हणाली. "आधीच्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकललंय. तुम्हाला आत्ताच बोलावलंय."

मी तिला अडवलं. "ताई, पाचच मिनिटं द्या ना!"

"नाही हो. सगळे आत तयार उभे आहेत."

"बंद कर ते!" मी दादावर ओरडले.

"मध्येच बंद केला तर परत सुरूच होणार नाही!"

"मग आत्ता कुठे सुरू आहे?"

आमची चांगलीच जुंपली. पलंगाच्या चाकांचे अडसर निघाले तरी आमचं चालूच होतं. आईने माझा हात ओढून मला जवळ घेतलं, पोटावर तळवा ठेवला आणि ओठ अगदी टेकवून काहीतरी पुटपुटली. तिचा आवाज बसलेला आणि माझा चढलेला. मला एक शब्दही कळला नाही. "काय म्हणालीस?" असं विचारेपर्यंत पलंग दाराबाहेर गेला होता. तिने नुसता हात हलवला.

आम्ही दोघंच उरलो. थोड्या वेळाने पट्टी हलली, भरली, आणि कॅमेरा पुन्हा सुरू झाला. अगदी ठणठणीत. दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याचा राग येत होता आणि त्याची दयाही येत होती. राग जास्त होता, खोटं कशाला बोलू?

"ती चाचणी?" मी विचारलं.

"चाचण्या मी लगेच पुसतो."

"आज पुसलीस?"

त्याने डोळे पुसले, शर्टाचा खिसा चाचपला. घाईघाईत न पुसताच काढून ठेवलेलं पहिलं कार्ड खिशात होतं. ते मी कॅमेऱ्यात घातलं. हेडफोनचा एक कान त्याने घेतला, एक मी.

आधी नुसती खरखर. मग आई.

"हॅलो... हॅलो. बाळा, येतंय का ऐकू? अरे, हा लाल दिवा लागलाय तो असाच राहतो का? बरं. बाळा, तुझा मामा सकाळपासून उपाशी आहे. त्याला आधी जेवायला सांग."

एवढंच होतं. दादाने ते पुन्हा लावलं, मग आणखी एकदा.

"खरखर आहेच," तो म्हणाला.

मी त्याच्या दंडाला धरून उभं केलं.

"चल, मामा," मी म्हटलं. "जेवून घे."