पानामागचा दादा

आत्मेबाबाने कोबीच्या शेतात पाऊल टाकलं, तशी बांधावरची गर्दी चिडीचूप झाली. एका गड्ड्यापाशी थांबून त्याने मेलेल्या माणसाला नावाने हाक मारली, काठी देठाशी टेकवली आणि विचारलं, "आलास का, बाळा?" पानांखालून इवल्या हिरव्या अळ्या सुटल्या आणि धाग्यांना लटकून वळवळू लागल्या. लोकांनी हात जोडले. मेलेल्याची बायको मटकन खाली बसली.

तिला सावरायला नणंद पुढे झाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. भाऊ रोपं लावून गेला, तो कायमचाच. मागोमाग हा बाबा उगवला. तुझा नवराच अळ्या होऊन आलाय, त्याला पोटभर खाऊ दे, एक जरी मारलीस तर पुन्हा विधवा होशील, असं त्याने वहिनीच्या मनात भरवलं. स्वतः भावाच्या पलंगावर मुक्काम ठोकला. आत्म्याची भूक शेत भागवत होतं, बाबाची स्वयंपाकघर. पानांची चाळण झाली, तरी वहिनी रोज संध्याकाळी बांधावर बसून कुरतडण्याचा आवाज ऐकायची. आता शेत बाबाच्या नावावर करायचं घाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नणंद एकटी शेतात गेली. बाबाचं बिंग फोडायचं ठरवून आली होती, पण त्या शांततेत तिच्याच तोंडून निघून गेलं, "दादा?"

काही हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली. मागे वळताना गुडघा गड्ड्याला लागला आणि अळ्या सरसर खाली लोंबकळल्या. तिच्या अंगावर काटा आला. क्षणभर वाटलं, ऐकलं त्याने.

मग तिने तोंड मिटून दुसऱ्या गड्ड्याला बोट लावलं. तिथल्याही लटकल्या, आणि जरा वेळाने धागा चढून पुन्हा खायला लागल्या.

ऊन वर आल्यावर तिने बाबासकट सगळ्यांना शेजाऱ्याच्या कोबीत नेलं आणि काही न बोलता पानाला टिचकी मारली. तिथेही तेच.

"धक्का लागला की ही अळी जीव वाचवायला उडी टाकते," ती म्हणाली. "हाकेशी तिचा काही संबंध नाही."

हा शेजाऱ्याच्या बापाचा आत्मा असल्याचं बाबाने ठोकून दिलं. शेजाऱ्याचा बाप गर्दीतच उभा होता. "मी अजून आहे की," तो शांतपणे म्हणाला. हशा पिकला आणि बाबाने त्याच दिवशी गाशा गुंडाळला.

वहिनी हसली नाही. "मग ते कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत, वहिनी."

दोघींनी मिळून अळ्या वेचल्या, किडकी पानं तोडली, औषध फवारलं. अर्धंमुर्धं पीक हाती लागलं. वहिनी अजूनही संध्याकाळी बांधावर कधी थबकते, कान देते. त्यात तिचा दोष नाही. गेलेल्या माणसाचा आवाज दुःखाला ऐकू येतोच. पण त्याने ओ दिली असं कुणी दाखवू लागलं, तर आपण एकदा हाक न मारता नुसती काठी लावून पाहावी.