लालसूच्या पोटातले राखणदार

पायात बांबूचा खुंट घुसला त्याच्या सातव्या दिवशी लालसूचे डोळे पिवळे झाले आणि गावाचा जीव भांड्यात पडला. कावीळ म्हणजे ओळखीचं दुखणं! पोचू वैदूने मुळ्यांची माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. ती वाढत वाढत पायाशी उतरली की कावीळ उतरली. तोवर दुसरं औषध नाही, गावाची शीव ओलांडायची नाही.

माळ छातीपर्यंत आली. सगळे माळेकडे बघत बसले. लालसूची बायको बुधरी तेवढी पायाकडे बघत होती. तो मांडीपर्यंत सुजला होता, घाण मारत होता. अंग गार पडलं होतं आणि नवरा तिला ओळखत नव्हता.

"माळ उतरून राह्यली ना, थांब," पोचू म्हणाला.

"माळ उतरून राह्यली, मानूस मरून राह्यला!" बुधरीने माळ तोडली.

"आता काई झालं तं तुया डोक्यावर."

"माह्याच डोक्यावर!" बैलबंडी जुंपायला कोणी पुढे आलं नाही, तिने स्वतः जुंपली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय चिरून पू काढला, पेनिसिलीन टोचलं. म्हणाले, "बाई, जखमेचं विष रक्तात गेलंय. त्याच्याशी लढणाऱ्या शरीराच्या पेशी आता भान सोडून लढताहेत. मला वाटतं, त्याच यकृताला इजा करताहेत, म्हणून डोळे पिवळे. जंतूंना सुई आहे. या पेशींना आवरायला माझ्यापाशी काही नाही."

बुधरीला झटकन उमगलं. गेल्या साली धानात डुकरं शिरली, तेव्हा लालसू आणि त्याचे राखणदार असे धावले, की डुकरांहून जास्त धान त्यांनीच तुडवलं. डुकरं पळाली तरी यांचा धिंगाणा चालूच. शेवटी तिनेच बांधावरून शिव्या घालून त्यांना बाहेर काढलं होतं.

ती लालसूच्या पोटावर वाकली आणि ओरडली, "निंगा बाहेर! आपलंच धान काऊन तुडवून राह्यले रे?"

कंपाउंडर धावत आला. डॉक्टर म्हणाले, "ओरडू दे." मग दर सुईनंतर ती ओरडली. आत भीती होती, पण आवाज लटपटू द्यायला ती तयार नव्हती.

पाचव्या दिवशी लालसूने डोळे उघडले. पिवळेच होते, पण तिला ओळखत होते.

"कोनाले ओरडून राह्यली व?"

"तुयाच राखनदाराईले."

"गेल्या सालचा राग अजून हाये?"

"हाये," डोळे पुसत बुधरी म्हणाली. "अन् घरी येऊन पुरा आयकाचा हाये तुले."