एकशे तीन वजा एक

मित्रांनो, जवळ या, पण धक्का लावू नका. मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे आणि या वयात फुटायची माझी अजिबात इच्छा नाही. हल्ली बटण दाबलं की पीं करणारे प्लास्टिकचे थर्मामीटर मिळतात. मी पीं करत नाही. माझ्या पोटात पारा आहे. मला उजेडाकडे धरून हळूहळू फिरवलं, की त्याची चांदीसारखी रेघ एकदम दिसते. ज्याला ती पटकन दिसते, त्याला मी हुशार समजतो. भिंगरीच्या बाबांना ती कधीच पटकन दिसली नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्या कारागिराचे गाल एवढे मोठे होते, की तो नळीत फुंकर मारायचा तेव्हा पलीकडच्या गल्लीत वाळत घातलेले कपडे सुकायचे. एकदा त्याला ऐन कामात शिंक आली आणि माझ्या शेजारची भावंडं फुगून दिव्यांच्या हंड्या झाली. मी तेवढा बारीक राहिलो. माझ्या गळ्याशी त्याने नळी केसाएवढी चिंचोळी केली, म्हणजे वर चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येऊ नये. आता तुम्ही म्हणाल, आजोबा फेकतायत. शिंकेचं थोडं वाढवलं असेल. पण आकड्याच्या बाबतीत मी आयुष्यात कधी फेकलं नाही. जेवढा ताप, तेवढी रेघ.

आणि नेमका याच बाबतीत माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

त्याचं असं झालं. मला विकत आणलं अण्णांनी, म्हणजे भिंगरीच्या आजोबांनी. अण्णा शाळेचे मुख्याध्यापक होते आणि शाळा बुडवणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. घरात दोन मुलं. मोठी मुलगी, ती आता भिंगरीची आत्या. धाकटा मुलगा, तो भिंगरीचा बाबा. यांच्यापैकी कुणी सकाळी पांघरूण ओढून पडून राहिलं, की अण्णा मला त्याच्या जिभेखाली ठेवायचे, खिडकीशी नेऊन बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "शंभर. हा थर्मामीटर एक डिग्री जास्त दाखवतो. म्हणजे नव्व्याण्णव. ऊठ, दप्तर भर."

अण्णा गेले, पण त्यांची वजाबाकी घरात राहिली. कुणाला ताप आला, की माझा आकडा मोठ्याने वाचायचा आणि लगेच त्यातून एक काढून टाकायचा, हा घरचा शिरस्ताच झाला. आत्या तो अगदी नेमाने पाळायची. तिने माझं कौतुक केलं नाही असं नाही. पाहुण्यांना सांगायची, "आमचा थर्मामीटर जुना आहे, पण दणकट आहे हो. फक्त एक डिग्री वजा करायची." हे 'फक्त' माझ्या काळजात काचेसारखं रुतायचं.

वर्षं गेली. भिंगरीच्या बाबांच्या डोक्यात परदेशच्या समुद्राचं खूळ शिरलं. भिंगरी रांगत होती तेव्हापासून ते म्हणत होते, की सगळ्यांनी मिळून एकदा तिकडे जाऊन राहायचं. तिथून बोटीने समोरच्या बेटावर जायचं. तिथलं पाणी म्हणे इतकं नितळ, की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसतात. भिंगरी दुसरीत गेली तेव्हा कुठे त्यांना रजा मिळाली. आई, बाबा, आत्या आणि भिंगरी असे चौघे निघाले. पाचवा मी, आत्याच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला. विमान इतकं उंच गेलं, की थंडीने माझा पारा आकसला आणि मला सोडून मोज्यात उतरतो की काय असं झालं.

भिंगरीला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी कधी ठरत नाही. पण तिथल्या हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या ती पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच. बाबांनी गच्चीचा अडकणारा सरकता दरवाजा ढकलून ढकलून उघडला आणि समुद्र दाखवला. तिने मान वळवून बघितलं आणि खोकली. आईने कपाळाला हात लावला. अंग तापलं होतं.

आत्याने मला झटकलं आणि भिंगरीच्या जिभेखाली ठेवलं. मी एकशे एक दाखवले. एक वजा केला, शंभर उरले. प्रवासाचा शीण, असं बाबा म्हणाले. आत्यानेही मान डोलावली. आईने हात कपाळावरून काढला नाही, पण ती लग्न होऊन याच घरात आली होती. तिनेही इतकी वर्षं वजाबाकीच केली होती. मग सगळे वाळूवर गेले.

मित्रांनो, तिथे जे झालं ते सांगताना आजही माझ्या अंगाची लाही होते. बाबांची छत्री वाऱ्याने पुनःपुन्हा उपटली जायची, ती धरून ते घामाघूम व्हायचे. शेजारच्या लोकांची मुलं पाण्यात उड्या मारायची आणि आमची भिंगरी टॉवेलात गुरफटून भर उन्हात कुडकुडायची. ती कुरकुरली, की आत्या मला पिशवीतून काढायची. मी एकशे दोन दाखवले. अण्णांची एक डिग्री गेली. मग आत्या म्हणाली, एवढ्या उन्हात दगडसुद्धा तापतो, म्हणून अर्धी उन्हाची काढू. बाबा म्हणाले, तिने आत्ताच गरम दूध प्यायलंय, त्याचीही अर्धी काढा. अशी कापाकापी करत त्यांनी माझे शंभर केले, आणि शंभरला काय, पाय बुडवायला हरकत नाही, असं ठरलं.

मी काय करणार? मला तोंड नाही. मी दुसऱ्याच्या तोंडात राहतो.

भिंगरी काहीतरी सांगायला बघायची. माझ्याभोवती तिची जीभ हलायची आणि "उं, उं" एवढंच बाहेर यायचं. आत्या डोळे वटारायची. काच तोंडात असताना बोलू नये, फुटली तर पारा पोटात जाईल, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं. मला बाहेर काढेपर्यंत भिंगरी दमून गप्प झालेली असायची. मोठी माणसं आकड्यावर वाद घालत बसायची. बाबा तर एकदा वैतागून म्हणाले, "इतक्या लांब आलोय आणि चेहरे बघा सगळ्यांचे. जरा हसलात तर कर बसणार आहे का?" कुणी हसलं नाही. मग त्यांनी एकट्याने वाळूचा किल्ला केला. तोही वाकडा झाला.

बेटावर जायचा दिवस उजाडला. धक्क्यावर बोट उभी होती, माणसं चढत होती. भिंगरी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तिचा श्वास छोटा छोटा चालला होता. आत्याने निघण्याआधी एकदा म्हणून मला तिच्या तोंडात ठेवलं. मी जीव तोडून चढलो. जीव तोडून म्हणजे, एका केसानेही जास्त नाही.

"एकशे तीन," आत्याने वाचलं. "म्हणजे एकशे दोन. त्यात हे ऊन..."

"ताई, थांबा," आई म्हणाली. "आकडा किती आलाय?"

"सांगितलं ना, एकशे..."

"वजा न करता."

आत्याने मला पुन्हा उजेडाकडे धरलं. "एकशे तीन."

"मग एकशे तीनच. मी यातून आता काहीही काढणार नाही."

बाबांच्या हातात बोटीची तिकिटं होती. ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, पण अण्णा स्वतः सांगायचे..."

"अण्णांना तुम्हाला शाळेत पाठवायचं होतं," आई म्हणाली. "हिला कुठे पाठवायचंय?"

बोटवाल्याने हाका मारल्या. मग दोर सोडला. बोट गेली. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि मग वळून त्यांनी भिंगरीला स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

दवाखान्याच्या भिंतीवर रंगीत मासे चिकटवलेले होते. डॉक्टरीणबाई बाह्या सरसावून आल्या. त्यांच्या हातात कानाला लावून ताप मोजायची बंदूक होती. ती पीं झाली. पडद्यावर एकोणचाळीस पॉइंट चार आलं. आत्याचा चेहरा उजळला. एकोणचाळीस म्हणजे तर काहीच नाही, असं तिने आईला सांगूनही टाकलं. डॉक्टरीणबाईंना भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. त्यांनी एक बटण दाबलं, तसे आमच्याकडे मोजतात तसले आकडे आले. एकशे तीन.

आत्याने बाबांना विचारायला लावलं, की यातून एक वजा करायचा का. बाबांनी तिकडच्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा. बाबांचे कान लाल झाले. आत्याने पुरावा म्हणून मला पुढे केलं. बाईंनी मला खिडकीकडे धरलं, रेघ त्यांना एका क्षणात दिसली, आणि त्यांनी मला बंदुकीच्या शेजारी ठेवलं. दोघांचा आकडा एकच.

माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा सन्मान, मित्रांनो, आणि तो मिळाला एका पीं करणाऱ्या यंत्राच्या साक्षीने. पण मला फुशारकी मारायला वेळच मिळाला नाही. बाईंनी भिंगरीच्या पाठीवर हात फिरवला आणि खुणेनेच विचारलं, कुठे दुखतं. भिंगरीचं तोंड या वेळी मोकळं होतं.

"इथे," तिने बरगडीवर हात ठेवला. "श्वास घेतला की टोचतं."

आईने विचारलं, "कधीपासून गं?"

"आलो तेव्हापासून. मी सांगायला लागले, की आत्या थर्मामीटर घालायची."

आत्याने मला मोज्यात ठेवलं.

भिंगरीला न्यूमोनिया झाला होता. तिला तिथेच ठेवून घेतलं. उरलेली सुट्टी बाबांनी दवाखान्यातल्या खुर्चीवर काढली. धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू यायचा, तेव्हा ते सलाईनच्या थेंबांकडे बघत राहायचे. आई मला स्वतः झटकायची आणि पूर्ण आकडा मोठ्याने वाचायची. ज्या दिवशी भिंगरी पलंगावर टुणकन उठून बसली, त्या दिवशी बाबांना माझी रेघ पहिल्यांदा पटकन सापडली.

आम्ही घरी आलो आणि मी मोज्यातून पुन्हा माझ्या डबीत गेलो. आता इथे कुणी वजाबाकी करत नाही. पण अण्णा चुकले असं म्हणायला आत्याची जीभ वळत नाही. ती शेजारणींना सांगते, की आमच्या थर्मामीटरला तिकडची हवा मानवली, तेव्हापासून अगदी बरोबर दाखवायला लागलाय. म्हणजे पोर आजारी पडलं, सगळ्यांची सुट्टी पाण्यात गेली आणि हवापालट लागू पडला तो मला. आता यावर मी डोकं आपटावं, तर डोकंही काचेचं.

म्हणून तुम्हालाच सांगतो. मला झटकताना टेबलाच्या कडेपासून लांब उभे राहा. मी जेवढं दाखवीन तेवढं वाचा, त्यातलं काही कुणाच्या नावाने काढून टाकू नका. आणि मला डबीतून काढण्याआधी आजारी माणसाला विचारा, काय होतंय, कुठे दुखतंय. त्याचं सगळं सांगून होऊ द्या, आणि मगच मला त्याच्या तोंडात ठेवा. मी डबीत कितीही वेळ थांबेन.