ओला, तरी कोरा

मी दात घासायचा ब्रश बोलतोय. बोलतोय खरा, पण मान खाली घालून. आपण किती दात चमकवले ते छाती पुढे काढून सांगावं, असं माझ्याकडे काही नाही. मी एका न्हाणीघरात जवळजवळ सहा महिने उभा होतो, आणि त्यातला बराचसा काळ रोज सकाळी खोटी साक्ष देत होतो.

माझा जन्म कारखान्यातला. हिरवी दांडी, पांढरे केस. डोक्यावरच्या बारीक भोकांत यंत्रानं केसांचे झुबके ठोकून बसवले आणि वरून कातरून सारखे केले. पट्ट्याच्या शेवटी तपासणीला एक बाई बसायच्या. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुढे ढकललं. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आज तो आठवला तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

औषधांच्या दुकानातून मला एका आईनं उचललं. तिघांचं घर होतं. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. आजोबा दिवसभर घरातच असायचे. आणि पंधरा वर्षांची मुलगी होती, जिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. कारण सकाळी डोळे उघडले की ती सुरू व्हायची ती बंदच व्हायची नाही. आजोबा म्हणायचे, "आमच्या रेडिओला बटण बसवायचं राहून गेलंय."

मी या रेडिओचा ब्रश. न्हाणीघरात आरशाखाली एका पेल्यात माझी जागा होती. शेजारी झाकणाच्या वाटीत आजोबांची कवळी रात्री पाण्यात पडून असायची. घरात वेळेवर झोपणारे दात तेवढेच.

पहिले काही दिवस मी खरंच काम केलं, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. मग शाळा, शाळेनंतर क्लास, क्लासनंतर गृहपाठ असं सुरू झालं. आई पहाटे पाचला उठायची, म्हणून साडेनऊला झोपायची. झोपताना ती आतून विचारायची, "रेडिओ, दात घासलेस?"

"घासते गं, जरा वेळानं!"

तो जरा वेळ रात्री दोनला संपायचा. मला काही न्हाणीघरातून खोली दिसत नव्हती, पण ऐकू सगळं यायचं. बिस्किटांच्या पुड्याची कुरकुर, थंड पेयाची बाटली उघडल्याचा फुस्स आवाज, दाबून ठेवलेलं हसू. ती फोनवर मैत्रिणींशी बोलत असायची, नाहीतर काहीतरी बघत असायची. दोन वाजता दाराबाहेर अनवाणी पावलं थबकायची. मी वाट बघायचो. पावलं तशीच पुढे जायची.

सकाळी पळापळ. आई तीनदा हाका मारायची, चौथ्या हाकेला ही डोळे चोळत न्हाणीघरात यायची. घड्याळात पाच मिनिटं उरलेली. मग ती मला नळाखाली धरायची, एकदा झटकायची आणि पेल्यात ठेवायची. बोटभर पेस्ट बेसिनमध्ये सोडून द्यायची, म्हणजे नळी भरलेली दिसू नये. थोडी जिभेला लावायची, म्हणजे वास यावा. एवढा खटाटोप करण्यात जो वेळ जायचा, त्यात निम्मे दात घासून झाले असते. पण झोप न झालेल्या डोक्याला हे कोण सांगणार?

तिच्यामागून आई यायची आणि माझ्या केसांवरून अंगठा फिरवायची. जिचा अंगठा चादरीच्या कोपऱ्यातलासुद्धा दमटपणा ओळखायचा, ती आई मला हात लावून म्हणायची, "ओला आहे. शहाणी माझी!" आणि मी गप्प उभा. पाणी माझ्या अंगावरून ठिबकत असायचं.

हे मला आणि तिलाच माहीत आहे, असं मी समजत होतो. पण एकदा आजोबा कवळी घ्यायला आले, तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. तिनं मला नळाखाली धरलं आणि पेल्यात ठेवलं, तो सगळा प्रकार त्यांनी पाहिला. ती दचकली.

"आजोबा, आईला सांगू नका ना. प्लीज. उद्यापासून घासते."

आजोबांनी कवळी तोंडात बसवली आणि नुसते हसले. नात लाडकी. घरात त्यांच्याशी तासभर बोलणारं दुसरं कोण होतं? त्यांनी आईला काही सांगितलं नाही. ती गेल्यावर मात्र बराच वेळ मला हातात धरून उभे राहिले.

तिसऱ्या महिन्यात हिरड्या सुजल्या, तोंडाला वास यायला लागला. चौथ्यात खालची उजवी दाढ ठणकायला लागली. आता फोन खाली ठेवला तरी झोप लागेना. जागरणानं दाढ दुखायची आणि दाढ दुखते म्हणून जागरण व्हायचं. ती लवंग धरायची, कोमट पाण्यानं चुळा भरायची, पण मला हात लावायला घाबरायची. लागलं की कळ जायची.

मग एका दुपारी ती शाळेतून आली ती थेट न्हाणीघरात. तिनं कडी लावली आणि नळ सोडला. बाहेरून आजोबांनी दार वाजवलं.

"काय झालं गं?"

तिनं नळ बंद केला. मग ती म्हणाली, "माझ्या बाकावरची... ती दुसरीकडे जाऊन बसली. कारण सांगितलं नाही. पण मी बोलायला लागले की ती तोंड फिरवायची, आजोबा. मला कळत होतं."

त्या दिवसापासून रेडिओ बंद झाला. जेवताना ती नुसतं हं-हं करायची. आई म्हणायची, वय आहे, मोठी झाली. मी पेल्यात उभा राहून ऐकायचो. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण ब्रशला तोंड नसतं. दुसऱ्याच्या तोंडात जाणं एवढंच त्याच्या हातात, आणि तेही मी केलं नव्हतं.

शेवटी एक दिवस गाल सुजून लिंबाएवढा झाला. आईनं रजा टाकली. दवाखान्यातून सांगितलं होतं की येताना रोजचा ब्रश घेऊन या, म्हणून मीही पर्समध्ये बसून निघालो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तोंड तपासलं, फोटो काढला. मग मला दिव्याखाली धरलं.

"हा किती दिवसांचा?"

"पाच महिने झाले," आई म्हणाली. "बदलायला झालाय ना?"

डॉक्टरीणबाईंनी मला बोटांत फिरवलं. "पाच महिन्यांत ब्रशचे केस वाकतात, पसरतात. हा तर दुकानातून आणल्यासारखा आहे."

माझा एकन् एक केस सरळ उभा होता. म्हातारं व्हायच्या वयात मी तरणाबांड दिसत होतो आणि त्याचीच मला लाज वाटत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मुलीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि खुर्चीत दिव्याखाली आडवी असल्यामुळे तिला ते लपवताही येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "झोपतेस किती वाजता?"

"दोन. कधी तीन."

"आणि जागताना काही खातेस? गोड?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"बघ, झोपेत तोंडातली लाळ कमी होते. दातांवरचं गोड धुवून काढायला कोणी उरत नाही. त्यात झोप पुरली नाही की शरीर थकतं, हिरड्यांची सूजही लवकर उतरत नाही. आणि थकलेला माणूस सगळ्यात आधी काय टाळतो, तर दात घासणं. तुझ्या वयाची बरीच मुलं येतात माझ्याकडे अशी. दात दाखवायला येतात, पण आधी झोपेबद्दल बोलावं लागतं."

दोन दाढा भरून निघणार होत्या. तिसरी, ती खालची उजवी, वाचली नाही. मुळाशी पू झाला होता आणि वरचा भाग पोखरून गेला होता. ती दाढ सहाव्या वर्षी आली होती, म्हातारपणापर्यंत साथ द्यायला. नऊ वर्षांत गेली.

घरी आल्यावर आजोबा कोपऱ्यात उभे होते. "मला माहीत होतं," ते आईला म्हणाले. "तिला ब्रश नुसता ओला करताना मी पाहिलं होतं. माझे सगळे दात पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, तरी मी गप्प बसलो. ती माझ्याशी बोलायची थांबेल म्हणून."

आईनं त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग लेकीकडे वळली. "का जागतेस गं एवढी?"

गालावर बर्फ धरून ती अडखळत बोलली, "दिवसभर मी शाळेची, क्लासची, तुमची असते. रात्रीच काय ती माझी."

आई यावर ओरडली नाही. ती म्हणाली, "मीही नुसता हातच लावून बघत राहिले. कधी दारात उभी राहिले नाही."

मग ठरलं. जेवणानंतरचा एक तास तिचा. कोणी काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. दहा वाजता फोन आईच्या उशाशी. पहिला आठवडा वाईट गेला. ती अंधारात टक्क जागी पडून राहायची, चिडायची, एकदा तर तिनं रडून फोन परत मागितला. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आजोबांना तिच्या घोरण्याचा आवाज आला आणि सकाळी त्यांनी तो सगळ्यांना नक्कल करून दाखवला.

आणि मी? मी कितीतरी महिन्यांनी तिच्या सगळ्या दातांना भेटलो. हिरड्यांतून रक्त आलं, पेस्ट गुलाबी झाली. मागे मागे सरकत गेलो आणि अचानक पुढे काहीच लागलं नाही. मऊ खड्डा होता. त्या दाढेची माफी मागायला मी उशिरा पोचलो होतो.

महिन्याभरात माझ्या जागी नवा ब्रश आला. मी आता जिन्याखालच्या डब्यात राहतो आणि बुटांच्या तळव्यांचा चिखल काढतो. या कामाची मला मुळीच लाज वाटत नाही. इथे निदान जे करतो ते खरं असतं.

तुमच्या घरात असा एखादा थकलेला जीव असेल, तर त्याला आधी झोपू द्या. रागवायचं असेल तर नंतर रागवा.

न्हाणीघरातली माझी शेवटची रात्र मला विसरता येत नाही. ती दहाच्या सुमाराला दात घासायला आली. झोप डोळ्यांवर आली होती, म्हणून एक मोठी जांभई दिली, आणि आरशात तिला ती रिकामी जागा दिसली. तिनं पटकन तोंडावर हात घेतला. न्हाणीघरात दुसरं कोणी नव्हतं. जांभई संपली, तरी तो हात बराच वेळ खाली आला नाही.